पांढरीशुभ्र मुळं

नोकरीत काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मुळं चावत होते." ऐकणारा हसतो आणि विषय बदलतो. पण यात थट्टा निम्मीच आहे. बंगळूरच्या एका औषध कारखान्याच्या परीक्षण विभागात मी सोळा वर्षं काढली, आणि त्यातली पुष्कळशी सर्पगंधेची मुळं तपासण्यात गेली. चावायला मात्र मी जरा उशिराच लागले. का लागले, तेच सांगायला बसले आहे.

पन्नासच्या दशकात ह्यांना बंगळूरच्या एका सरकारी यंत्रकारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि माझी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिकडे गेलो. ट्रंका आणि स्टोव्ह लगेच उपयोगी पडले. पदवी वर्षभर भिंतीवर टांगलेली होती. "हिला वाळवी लागायच्या आत काहीतरी कर," असं म्हणून ह्यांनीच माझा अर्ज लिहिला. मुलाखतीत आमचे मुख्य रसायनज्ञ शेषगिरी सर यांनी एकच प्रश्न विचारला. "तराजूसमोर बसल्यावर घाई करणार का?" मी बाणेदारपणे "नाही" म्हटलं. तराजूसमोर मी खरंच कधी घाई केली नाही. निष्कर्ष काढताना केली.

आमचं काम काय, ते आधी थोडक्यात सांगते. लोकांना वाटतं, औषधी झाड म्हणजे शेंड्यापासून बुडापर्यंत सगळं औषध. झाड म्हणजे काही साखरेची बाहुली नव्हे, की कुठूनही मोडून तोंडात टाकली तरी गोडच लागावी. अडुळसा कामाला येतो तो पानांसाठी, कुचला बियांसाठी आणि सर्पगंधा मुळांसाठी. हे गुडघ्याएवढं झुडूप. पांढरी-गुलाबी फुलं, लालसर देठ, पिकली की काळी होणारी बारीक फळं. दिसायला इतकं साधं, की कुंपणाशी उगवलं तर कुणी वळून बघणार नाही. त्याच्या पानांत आणि खोडातही अल्कलॉइड, म्हणजे औषधाचे कडू क्षार, असतात, पण थोडे, आणि त्यांची जातही निराळी. रक्तदाब उतरवणारं रिसर्पीन, हृदयाच्या ठोक्यांवर काम करणारं अजमलीन, पिवळंधमक सर्पेंटीन, ही सगळी मंडळी मुक्कामाला असतात मुळात. आणि मुळातही बहुतेक ऐवज वरच्या सालीत असतो, आतल्या लाकडात अगदी कमी. ही शेवटची ओळ मला पुस्तकातल्या पान क्रमांकासकट पाठ होती. पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

त्या वर्षांत या मुळांना भलतीच मागणी होती. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी लागत, वेड्यांच्या इस्पितळांना लागत. मलनाडातल्या डोंगरांतून पोतीच्या पोती येत. मग भेसळही येई. मुळांत खोडाचे तुकडे मिसळायचे, नाहीतर दुसऱ्याच झुडपाची मुळं घालायची. सगळ्यांत हुशार लोक आधी अर्क काढून घेत आणि उरलेला चोथा वाळवून आम्हाला विकत. म्हणून प्रत्येक मालाचा नमुना कुटून, भुकटी होऊन माझ्या टेबलावर येई. ती अमोनियाने ओली करायची, द्रावकात मुरवायची, आम्लात उतरवायची, पुन्हा द्रावकात घ्यायची. असं दोन दिवस चाललं की शेवटी वाटीच्या तळाशी एक पिवळसर पापुद्रा उरतो. तो तोलायचा. पुरेसा भरला तर पास, नाही तर नापास. याशिवाय भुकटीची थोडी राख करून ती आम्लात उकळायची. जे विरघळत नाही ती वाळू, म्हणजे मुळाला लागलेली माती.

निकाल द्यायचा मला फार अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. एकदा आनेकलहून एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी परसात सर्पगंधा लावली होती आणि तिच्या पानांची ते रोज चक्क भाजी खात होते. रक्तदाब उतरला, झोप लागते, तेव्हा कारखान्याने तसा दाखला द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी पानं तपासली आणि सांगितलं, "मास्तर, तुम्हाला हवं ते पानांत जवळजवळ नाहीच. भाजी बंद करा आणि डॉक्टरांना भेटा." मास्तर दुखावले. "मग मला झोप कशाने लागते?" म्हणाले. मी म्हटलं, "शाळा सुटली म्हणून लागत असेल." शेषगिरी सर आठवडाभर हे वाक्य आल्यागेल्याला सांगत होते, आणि मी स्वतःवर खूश होते. अशा खुशीतच माणूस तोंडावर आपटतो.

अण्णा हे आमचे जुने पुरवठादार. चिकपेटच्या एका बोळात त्यांचं मुळ्या-काष्ठौषधींचं दुकान होतं. वाळा, ज्येष्ठमध, गवला कचोरा, केसांना लावायच्या मुळ्या, सगळं मिळे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण तिच्यात अर्धी कानडी. माझं सातारी मराठी ऐकून ते म्हणाले होते, "बाई, तुमची भाषा स्वल्प पुस्तकासारखी आहे. पण कळते, कळते." मला हसू आवरलं नव्हतं, कारण त्यांच्या भाषेविषयी मी घरी अगदी हेच सांगितलं होतं.

सर्पगंधेचा धंदा त्यांना नवा होता. कारखाना निघाला तेव्हा सुरू झालेला. तीन-चार वर्षं त्यांचा माल व्यवस्थित पास होत होता. मग एका मोसमात त्यांच्या मुळांत माती जास्त निघाली. पावसात खणलेली मुळं, चिखल तसाच वाळलेला. मी माल घेतला, पण अण्णांना चिठ्ठी पाठवली. त्यातलं वाक्य मला अजून आठवतं: "मुळांना माती आहे. यापुढे मुळे पूर्णपणे स्वच्छ करून पाठवावीत, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही." खाली झोकदार सही.

पुढचा माल आला. राखेच्या परीक्षेत माती नावालाही नाही. मला वाटलं, बघा, लिहिलं की होतं! मग अल्कलॉइडची परीक्षा लावली, आणि दोन दिवसांनी वाटीच्या तळाशी पापुद्रा म्हणावा असं काही उरलंच नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा केली. तेच. नवी भुकटी मागवून तिसऱ्यांदा केली. तेच. भुकटी नेहमीपेक्षा फिकी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ लावला तो असा, की हा चोथा आहे. आधी अर्क काढून घेतला असणार. ती भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली घातली असती तर सालीच्या पेशीच नाहीत, हे पाच मिनिटांत कळलं असतं. घातली नाही. निकाल लागला होता ना!

वहीत मी लिहिलं, "नापास." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढे लिहिलं, "अर्क काढून घेतलेली मुळे असल्याचा दाट संशय." महिन्याने त्यांचा दुसरा माल आला. तोही तसाच. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, या वेळी जरा ठळक. आमच्याकडे नियम होता, लागोपाठ दोनदा भेसळीचा शेरा आला की पुरवठादाराचं नाव यादीतून जायचं. येत्या सोमवारच्या बैठकीत अण्णांचं नाव जाणार होतं. आणि एका कारखान्याने भेसळीसाठी नाव काढलं, की गावातला दुसरा कोणी त्या माणसाकडून सुंठसुद्धा घेत नाही.

शुक्रवारी अण्णा स्वतः आले. एरवी ते हसतमुख, पानाने रंगलेल्या तोंडाचे. त्या दिवशी तोंडात पान नव्हतं. टेबलासमोर उभेच राहिले.

"बाई, मी चोर काय?"

"अण्णा, बसा आधी."

"बसणार नाही. आमच्या दुकानाला चार पिढ्या झाल्या. मोठमोठे वैद्य माल न बघता घेऊन जातात. तुम्ही लिहिलं, मी अर्क काढून घेतला. मला अर्क काढायला येतो काय? आमच्या घरी कॉफीशिवाय कसला अर्क निघत नाही!"

मी म्हटलं, "मी माझ्या मनाचं लिहीत नाही. वाटीत जे उरतं ते लिहिते."

"वाटीत उरलं नाही, ते लिहा. सरी, कबूल. पण मी चोरी केली हे वाटीत कुठे उरलं?"

कुणी वर्मावर बोट ठेवलं की मला राग येतो. मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "चला, आता माझ्याबरोबर चला. माल कुठून येतो, कुठे धुतो, कुठे वाळतो, सगळं बघा. मग जे लिहायचं ते लिहा. पण अक्कासमोर हे नापास-बिपास काही बोलू नका. तिला मी सांगितलेलं नाही."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली, आणि तेव्हापासून भावाच्या घरी. हे सगळं अण्णांनी मला जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसल्यावर सांगितलं. दुकानाच्या मालाची साफसफाई ती करी. कुणी करायला लावलेली नव्हती, तिनेच मागून घेतलेली. "ती म्हणते, मी भावाच्या जिवावर नाही, कामाच्या जिवावर जेवते," अण्णा म्हणाले. "तुमची चिठ्ठी आली तेव्हा मी तिला वाचून दाखवली. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाला मुळाला हात लावू देत नाही."

दुकानाच्या मागे परस होतं. दगडी डोणी, तिच्यात रात्रभर भिजत घातलेली मुळं, आणि शेजारी पाटावर साठीची एक बाई, पदर खोचून, हातात नारळाच्या काथ्याचा चोथा घेऊन. तांब्याच्या हंड्याला काय घासतील असं ती एकेक मूळ घासत होती. करपट तपकिरी साल भिजून मऊ झालेली, ती सुरसुर निघून येत होती आणि पाण्याबरोबर मोरीत चालली होती. सुपात ओळीने मांडून ठेवलेली मुळं पांढरीशुभ्र. मी आयुष्यात इतकी देखणी सर्पगंधा पाहिली नव्हती.

"बन्नी, बन्नी, या," अक्का म्हणाल्या. "कारखान्याच्या बाई ना तुम्ही? बघा, आता एक कण माती सापडली तर सांगा."

मी खाली बसले, सुपातलं एक पांढरं मूळ उचललं आणि दाताने तोडून चावलं. सर्पगंधा कडूजहर असते. हे लाकूड चवीला लाकडासारखंच होतं. मग मोरीच्या कडेला अडकलेली साल चिमटीत धरून जिभेवर ठेवली. जबडा आवळला, डोळ्यांत पाणी आलं. अक्का बघतच राहिल्या. "अय्यो! बाई, भूक लागली तर दोसा करते की. मोरीतलं काय खाता?"

डोळ्यांतलं सगळंच पाणी कडू चवीचं नव्हतं. औषध दीड महिना त्या मोरीतून वाहत होतं, आणि वाहवलं होतं माझ्या चिठ्ठीने. "पूर्णपणे स्वच्छ" असं मी लिहिलं. पूर्णपणे म्हणजे कुठवर, ते लिहिलं नाही. ज्या बाईने माझा शब्द न् शब्द पाळला, तिच्या घरावर मी चोरीचा शेरा मारला होता.

मी काहीतरी पुटपुटून उठले. मोरीच्या कडेची मूठभर साल रुमालात बांधून घेतली, तडक प्रयोगशाळेत आले आणि सुकवून परीक्षेला लावली. शनिवारी अर्धा दिवस असे आणि रविवारी सुट्टी, पण मी दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत थांबले. वाटीच्या तळाशी जाड पिवळा थर बसला. वाहत्या पाण्यात धुऊन निघालेल्या सालीत एवढं, तर कोरड्या सालीत किती असेल!

सोमवारी बैठकीच्या आधी वही आणि वाटी दोन्ही शेषगिरी सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. माझी चिठ्ठीसुद्धा. सरांनी वाटी उचलून उजेडात धरली. मी म्हटलं, "सर, ते वाक्य मी खोडून काढते."

"आपल्या वहीत खोडायचं नसतं," सर म्हणाले. "एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण आणि सही. नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. मी दोन्ही ठिकाणी रेघ मारली. "नापास" तसंच ठेवलं, कारण माल खरोखरच गोळ्यांच्या लायकीचा नव्हता. कारणात लिहिलं, "साल घासून गेली होती. तशी सूचना परीक्षकाच्याच चिठ्ठीतून गेली. पुरवठादाराकडून लबाडी नाही." सही झोकदार वगैरे काही आली नाही. अण्णांचं नाव यादीत राहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक मालातलं एक अख्खं मूळ चावल्याशिवाय मी शेरा लिहिला नाही. पण ती वही माझ्यानंतर जो कोणी उघडेल, त्याला रेघेखालचं वाक्यही वाचता येईल आणि त्याखालचं माझं नावही. ते तसंच असायला हवं, असं मला आज वाटतं. त्या दिवशी मात्र वही जाळून टाकावीशी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पुन्हा चिकपेटला गेले. अण्णांना दुकानात सगळं सांगितलं. त्यांनी एकदा डोळे मिटले, मग म्हणाले, "सरी. झालं ते झालं. पण अक्काला?" आम्ही दोघांनी मिळून एक थाप तयार केली. कारखान्याचा नियम बदललाय, आता सालीसकट मुळं लागतात, एवढंच सांगायचं.

परसात जाऊन मी ते सांगितलं. अक्कांनी हातातलं मूळ खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे.

"बाई, नियम बदलला की चिठ्ठी येते. तुम्ही आलात." भावाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हा दीड महिना जेवताना बोलत नाही. माझं काही चुकलं ना?"

थाप तिथेच गळून पडली. मी म्हटलं, "नाही अक्का. चूक माझी." आणि मग सगळं सांगितलं. साल, लाकूड, कुठे काय असतं, चिठ्ठी, नापास, अगदी चोरीचा शेरासुद्धा. अण्णा मागून "सुम्ने, उगीच कशाला सांगता" असं म्हणत होते, पण मला थांबायचं नव्हतं.

अक्का मोरीकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडतील, किंवा मला घराबाहेर काढतील. दोन्ही मला चाललं असतं.

"ती पांढरी मुळं पास झाली असती तर?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या झाल्या असत्या."

"आणि त्यांत औषध नाही, हे खाणाऱ्याला कळलं असतं?"

"नाही. त्याला वाटलं असतं, आपण औषध घेतोय."

"मग नापास केलंत ते बरं केलंत," अक्का म्हणाल्या. "माझ्या भावाला चोर म्हणालात ते बरं नाही केलं. ते तुम्ही आणि तो बघा. मला फक्त दाखवा, किती घासायचं."

मी पदर खोचला आणि डोणीपाशी बसले. काथ्या हातात घेतला, पण घासायचा धीर होईना. सालीला धक्का लागेल या भीतीने मी मूळ नुसतंच कुरवाळत होते, आणि माती होती तिथेच. अक्कांनी थोडा वेळ सोसलं. मग माझ्या हातातून मूळ काढून घेतलं.

"सोडा ते. तुम्हाला भांडी घासायला बाई येते वाटतं. मी घासते. तुम्ही नुसतं थांबा म्हणा."

त्या घासू लागल्या. चिखल सुटला, खालची तपकिरी साल दिसली, मी "थांबा" म्हटलं. हात थांबला. दुसरं मूळ. "थांबा." तिसऱ्याला मी चुकून लवकर म्हटलं, तर त्यांनी बेचक्यात राहिलेली माती नखाने दाखवली आणि घासत राहिल्या. चौथ्या मुळाला मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात आपोआप थांबला. त्यांनी ते मूळ माझ्या हातावर ठेवलं. मी ते उन्हाकडे धरून फिरवून फिरवून पाहिलं. माती नव्हती. साल होती.